आकडा तोच, भाजणी वेगळी: मुलुंडमधील एका घरगुती भट्टीचे प्रकरण

मुलुंड पूर्वेकडील एका जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत, तळमजल्यावरच्या घराची मागची पडवी बंदिस्त करून मी मातीकामाचा छोटा स्टुडिओ चालवते. एक चाक, माती मळण्यासाठी कोटा फरशीचा ओटा, ग्लेझच्या, म्हणजे भाजल्यावर भांड्यावर काचेसारखा थर देणाऱ्या लेपाच्या, झाकणबंद बादल्या आणि भिंतीपासून दीड फूट अंतर राखून उभी केलेली विजेची भट्टी एवढाच त्याचा संसार आहे. भट्टी आतून साधारण शंभर लिटरची आणि २३० व्होल्टवर ६ किलोवॉटची आहे, म्हणजे पूर्ण भारावर ती सुमारे २६ अँपिअर ओढते. ती बसवताना मंजूर वीजभार रीतसर वाढवून घेतला होता, १६ अँपिअरचा जुना एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) काढून ३२ अँपिअरचा लावला होता, आणि त्या दोन गोष्टी झाल्या म्हणजे विजेचे काम झाले अशी माझी समजूत होती. या प्रकरणाचे मूळ त्या समजुतीत आहे. ते सापडायला मात्र दीड महिना लागला.

मी स्टोनवेअर माती वापरते. कच्ची भांडी आधी १००० अंश सेल्सिअसला बिस्क होतात, म्हणजे ग्लेझशिवाय पहिल्यांदा भाजली जातात, आणि मग ग्लेझ लावून कोन ६ ला भाजली जातात. कोन म्हणजे खनिजांच्या ठरावीक मिश्रणाचा बोटाएवढा निमुळता सुळका. भट्टीतील भांड्यांना पुरेशी आच मिळाली की तो मऊ होऊन वाकतो आणि त्याचे टोक खाली टेकते. जर्मनीत हेर्मान झेगर यांनी १८८६ साली हे सुळके तयार केले आणि अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ पासून ते बनवायला सुरुवात केली. भट्टीचे तापमान दाखवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या कंट्रोलरचे आकडे वाचता येऊ लागल्यापासून आपल्यासारखे घरगुती भट्टीवाले कोन विकत घ्यायचे टाळतात. मीही टाळत होते. माझ्या कंट्रोलरमध्ये शेवटच्या टप्प्याला ताशी ६० अंशांचा वेग आणि १२२२ अंशांचे शिखर भरलेले होते, कारण त्या वेगाने चढल्यास कोन ६ साधारण त्याच तापमानाला टेकतो. साडेतीन वर्षांत सुमारे १६० भाजण्या या पद्धतीने सुरळीत झाल्या होत्या.

मे महिन्यात एका कॉफीच्या दुकानाची ७२ कपांची मागणी हाती होती: आतून साटीन पांढरे, बाहेरून रुटाइलचे निळे. रुटाइलचे (टायटेनियमयुक्त खनिजाचे) ग्लेझ मुळातच थोडे खाली ओघळते आणि त्या ओघळण्यातूनच त्याला निळे-तपकिरी पदर येतात, म्हणून कपाच्या तळापासून बोटभर जागा मी कोरी सोडते. ९ मेच्या सकाळी भट्टीचे दार उघडले तेव्हा २४ पैकी १७ कप शेल्फला चिकटलेले होते. निळा रंग ती बोटभर जागा ओलांडून खाली उतरला होता आणि प्रत्येक कपाच्या बुडाशी काचेचे एक जाड, हिरवट कडे तयार झाले होते. एक कप उचलायला गेले तर त्याचे बूड शेल्फवरच राहिले आणि वरचा भाग बांगडीसारखा हातात आला. कंट्रोलरवर शिखराची नोंद मात्र चोख होती: १२२२.

चुकीच्या दिशेने तीन आठवडे

ग्लेझ वाहिले की संशय ग्लेझवरच जातो, आणि माझ्या संशयाला आधारही होता, कारण त्याच महिन्यात फ्रिटची, म्हणजे ग्लेझमध्ये घालायच्या दळलेल्या काचेची, नवी पिशवी फोडली होती. बोरॉन असलेल्या फ्रिटमध्ये थोडा जरी फरक असला तरी ग्लेझ लवकर वितळते. तेव्हा मी हे धरून बसले की पुरवठादाराने माल बदलला. दोन दिवस फोनवर त्याच्याशी हुज्जत घातली आणि ग्लेझमध्ये चिनी माती व सिलिका वाढवून तीन नवी मिश्रणे केली. सुदैवाने प्रत्येक ग्लेझच्या जुन्या बादलीतील एक बरणीभर नमुना तारीख घालून बाजूला ठेवण्याची मला सवय आहे. १४ मे रोजी जानेवारीतला नमुना आणि नवे ग्लेझ शेजारीशेजारी उभ्या केलेल्या चाचणी-तुकड्यांवर लावून भाजले. दोन्ही सारखेच वाहिले. जानेवारीत हेच ग्लेझ याच मातीवर जागेवर थांबले होते. पुरवठादाराची क्षमा मागण्याचा फोन त्याच दिवशी केला.

दुसरा तर्क असा की कंट्रोलर खोटा आकडा दाखवत असावा आणि भट्टी प्रत्यक्षात जास्त तापत असावी. त्यावर सर्वांत सोपा आणि सर्वांत आळशी उपाय मी केला: शिखर १२२२ वरून १२०५ वर आणले. २१ मेची भाजणी उत्तम निघाली, २४ पैकी २३ कप घेण्याजोगे झाले आणि प्रश्न मिटला असे वाटून मी पुढची खेप भरली. ४ जूनच्या रात्री त्याच १२०५ वर भाजलेली ती खेप उघडली तेव्हा निळा रंग करडा आणि खरखरीत होता, आतले पांढरे दुधाळ, बोट फिरवल्यावर खडूसारखे लागणारे. ते अर्धकच्चे राहिले होते. एकाच आकड्यावर एकदा पक्के आणि एकदा कच्चे निघते, याचा अर्थ चूक आकड्यात नव्हती, निदान केवळ आकड्यात नव्हती.

वहीतील रकाना

भट्टीची वही मी नेमाने लिहिते. तारीख, काय भरले, बटण किती वाजता दाबले, शिखर, भट्टी किती वाजता बंद झाली, निकाल. ४ जूनची नोंद करताना सासूबाई शेजारी बसल्या होत्या. रात्री किती वाजेपर्यंत चालली होती गं, असे त्यांनी सहज विचारले आणि उत्तर देण्यासाठी मी मागची पाने चाळली. जानेवारीत ग्लेझची भाजणी ८ तास २० मिनिटांत संपत होती. फेब्रुवारीत ८ तास ५०. मार्चमध्ये ९ तास ३५. एप्रिलमध्ये १० तास ५०. बिघडलेल्या ९ मेच्या भाजणीला १२ तास १५ मिनिटे लागली होती आणि कच्च्या राहिलेल्या ४ जूनच्या भाजणीला १० तास ५ मिनिटे. सर्व माझ्याच हस्ताक्षरात होते. इतके महिने मी ती वही आडवी लिहीत आणि आडवीच वाचत होते. तिचा एक रकाना वरून खाली कधी वाचलाच नव्हता.

मातीकामात आच म्हणजे नुसते तापमान नसते. तापमान आणि त्या तापमानाच्या आसपास काढलेला वेळ या दोहोंचा एकत्रित परिणाम ग्लेझ वितळवतो, आणि कोनही नेमका तोच परिणाम दाखवतो. कोन ६ ताशी ६० अंशांच्या वेगाने नेल्यास १२२२ ला टेकतो, ताशी १५० च्या वेगाने नेल्यास त्याला १२४० च्या आसपास जावे लागते, आणि फार सावकाश नेल्यास तो १२२२ च्या बराच आधी मान टाकतो. हे मी शिकले होते, इतरांना शिकवलेही होते. सासूबाईंना समजावताना त्यांनीच ते माझ्यापेक्षा नीट मांडले: दूध उकळी आल्यावर लगेच उतरवले तर चहाचे, तासभर मंद उकळत ठेवले तर बासुंदी, आच दोन्हीकडे उकळीचीच.

मेमध्ये माझी भट्टी बासुंदी करत होती. कंट्रोलरच्या साठवलेल्या नोंदीतून शेवटचा टप्पा काढून पाहिला. ११२० ते १२२२ हे १०२ अंश चढायला ताशी ६० च्या हिशेबाने पावणेदोन तास पुरायला हवेत, तिथे चार तास पाच मिनिटे लागली होती, म्हणजे वेग ताशी जेमतेम २५ अंश. माझा कंट्रोलर साधा आहे; भट्टी मागे पडली तर तो तक्रार करत नाही, मुकाट्याने वाट पाहतो आणि शेवटी ठरलेला आकडा गाठून समाधानाने बंद होतो.

११ जूनला पहिल्यांदा कोन ठेवून भाजणी केली, शिखर पुन्हा १२२२ करून. प्रत्येक शेल्फवर ५, ६, ७ आणि ८ क्रमांकांचे, म्हणजे चढत्या क्रमाने अधिक आच लागणारे, कोन ओळीने ठेवले आणि भांडी म्हणून फक्त जुने तुकडे भरले. सकाळी मधल्या शेल्फवर ५ आणि ६ पार लोळलेले होते, ७ टेकला होता आणि ८ वाकायला लागला होता. पडद्यावर कोन ६ चा आकडा आणि भट्टीत त्याहून क्रमांकभर जास्त आच, हे आता डोळ्यांनी दिसत होते. उरला प्रश्न भट्टी मंदावण्याचा, आणि त्याहून अवघड असा, ती एखाद्या रात्री कमी मंद का होते याचा.

वायर, स्क्रू आणि कॉइल

संस्थेत या प्रश्नाचे उत्तर तयारच होते. मे महिन्यात व्होल्टेज कमी येते, दिवे मिणमिणतात, वीज कंपनीकडे सामूहिक अर्ज करू या, असे सेक्रेटरींचे म्हणणे होते आणि मसुदाही तयार झाला होता. भट्टी मी रात्री आठला सुरू करते, म्हणजे दिवसा पडवीत काम करता येते. आणि मे महिन्यातल्या रात्री आमच्या दोन्ही विंगांतले झाडून सगळे एसी चालू असतात. ४ जूनच्या संध्याकाळी वळवाचा जोरदार पाऊस झाला होता, हवा गार झाली होती आणि बहुतेकांनी एसी बंद ठेवले होते. त्या रात्री भट्टी दोन तास लवकर संपण्याचे कारण एवढ्याने लागत होते. तरीही अर्जावर सही करण्यापूर्वी वायरमनकाकांना बोलावले.

काकांनी दुपारी येऊन भट्टीच्या आयसोलेटरवर (भट्टीची वीज तोडण्याच्या स्वतंत्र स्विचवर) मीटर लावला, २२९ व्होल्ट पाहिले आणि म्हणाले, “ताई, सप्लाय एकदम क्लिअर आहे.” भट्टी बंद होती. नळ बंद असताना पाइपातला दाब नेहमीच भरपूर दिसतो. म्हणून त्यांना रात्री दहाला, भट्टी पूर्ण भारावर असताना पुन्हा येण्याची विनंती केली, आणि त्या अर्ध्या तासातील मोजमापांनी प्रकरणाचा बराचसा उलगडा केला. मागच्या विंगेखालील मीटर रूममध्ये माझ्या मीटरपाशी २२३ व्होल्ट होते. भट्टीच्या टर्मिनलवर २१२. तारेभोवती चिमट्यासारखा धरून प्रवाह मोजणाऱ्या टाँग टेस्टरवर २२ अँपिअर. वीज कंपनीकडून येणारे २२३ व्होल्ट २३० पेक्षा कमी खरेच, पण ६ टक्क्यांच्या मान्य मर्यादेत, म्हणजे २१६ च्या वर होते. उरलेले ११ व्होल्ट माझ्याच घरच्या वाटेवर सांडत होते. अर्ज मागे पडला.

मीटर रूमपासून पडवीपर्यंत वायर ४० मीटर आहे आणि ती घर बांधले तेव्हाचीच, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे. जाऊन-येऊन ८० मीटरचा तिचा रोध ०.३८ ओहमच्या आसपास भरतो, आणि २२ अँपिअरला त्यात आठ व्होल्ट जातात. ही गळती केवळ भाजणी बिघडवणारी नव्हती. एमसीबी हा उपकरणाचा नव्हे, वायरचा राखणदार असतो. पाइपातून लांबवर गेलेल्या त्या जुन्या वायरवर, तासन्‌तास चालणाऱ्या भारासाठी, ३२ चा एमसीबी बसवून आम्ही राखणदाराला झोपेची गोळी दिली होती. ते काम करणारा माणूस वेगळा होता. पण वायर बदलली का, हे विचारणे माझे काम होते आणि मी विचारले नव्हते.

उरलेले तीन व्होल्ट कुठे गेले, हे काकांनी आयसोलेटरच्या आतल्या आणि बाहेरच्या टोकांवर मीटर लावून दाखवले: २.९. वीज बंद करून झाकण काढले तर एका स्क्रूखालची वायर काळी पडलेली, तिचे प्लॅस्टिक पाव इंच मागे सरकून कडक झालेले, आणि जळक्या बेकलाइटचा तो तिखट वास. स्क्रू बोटाने हलत होता. प्रत्येक भाजणीत तांबे तापून फुगते आणि थंड होऊन आकसते, त्यामुळे जोड सैल होतो, सैल जोड अधिक तापतो आणि त्यामुळे आणखी सैल होतो. तीन व्होल्ट गुणिले बावीस अँपिअर म्हणजे ६६ वॉट: एक सोल्डरिंग आयर्न रात्रभर त्या स्क्रूच्या टोकावर टेकवून ठेवल्यासारखे. बिघडलेल्या कपांचे दुःख त्या क्षणी एकदम लहान झाले.

शेवटी कॉइल, म्हणजे भट्टी तापवणारी तार. एमसीबी पाडून, भट्टी थंड असताना रोध मोजला. मल्टिमीटरच्या तारा आपसांत टेकवल्या तर ०.२ दाखवतात, तेवढे वजा करून ९.७ ओहम आला. भट्टी आली तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर ८.८ लिहून ठेवले होते. लोह-क्रोम-अल्युमिनियमची ही तार प्रत्येक भाजणीत थोडी झिजते, रोध वाढतो आणि शक्ती घटते. दहा टक्के वाढ झाली की संच बदलावा असा प्रघात आहे. आता हिशेब मांडता येत होता. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात आणि रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून २१२ व्होल्ट आणि ९.७ ओहमवर माझी ६ किलोवॉटची भट्टी ४.६३ किलोवॉटची झाली होती. जवळपास २३ टक्के तूट.

या तुटीचा परिणाम मात्र २३ टक्के नसतो. १२०० अंशांना भट्टीच्या भिंतींतून आणि दाराच्या फटींतून इतकी उष्णता बाहेर जाते की मिळणाऱ्या शक्तीचा बहुतांश भाग आहे तिथे टिकून राहण्यातच खर्च होतो आणि पुढचे चढणे उरलेल्या शिलकीवर चालते. महिन्याच्या मिळकतीतून घरखर्च वजा जाता जी शिल्लक राहते तिचेच हे गणित आहे. मिळकत थोडीशी घटली तरी खर्च घटत नाही आणि शिल्लक निम्म्यावर येते. माझ्या भट्टीचा त्या तापमानाचा ‘घरखर्च’ सव्वाचार किलोवॉटच्या आसपास असावा, असा नोंदीवरून माझा अंदाज आहे. म्हणूनच ४ जूनच्या गार रात्री मीटरवरचे सात-आठ व्होल्ट वाढताच भट्टी एकदम हलकी झाल्यासारखी चढली आणि कमी केलेल्या शिखरावर ग्लेझला पुरेसा वेळच मिळाला नाही.

एकेक बदल

सर्व दुरुस्त्या एकदम करून मोकळे होण्याचा मोह होता, शिवाय ऑर्डर आधीच लांबली होती. तरीही दरवेळी एकच गोष्ट बदलून भाजायचे ठरवले. पहिल्यांदा मीटरपासून भट्टीपर्यंत १० चौरस मिलिमीटरची नवी स्वतंत्र लाइन ओढली, जोडीला अर्थिंगची नवी तार आणि नवा आयसोलेटर, तारेच्या टोकांना दाबून बसवलेल्या लग्जसह (धातूच्या टोपणांसह). वाटेतली गळती अकरा व्होल्टवरून साधारण साडेतीनवर आली आणि जुन्याच कॉइलवर भाजणी ९ तास ५० मिनिटांत संपली. मग कॉइल बदलल्या. जुनी कॉइल खोबणीतून काढताना लवत नव्हती, तळलेल्या कुरडईसारखी कडाकड मोडत होती. नव्या संचाला पहिली भाजणी रिकाम्या भट्टीत, १०५० अंशांना काही तास थांबवून द्यावी लागते, म्हणजे तारेवर अल्युमिनियम ऑक्साइडचा संरक्षक थर धरतो. तो दिवस वाया गेला असे वाटू देऊ नये. त्यानंतरची ग्लेझची भाजणी ८ तास २५ मिनिटांची झाली.

आणि तरीही कोन ६ आवश्यकतेपेक्षा अंमळ जास्तच वाकला. म्हणजे माझा दुसरा, आळशीपणे सोडून दिलेला तर्कही अगदीच खोटा नव्हता. के प्रकारचा नवा थर्मोकपल (भट्टीतले तापमान मोजून कंट्रोलरला कळवणारा भाग) जुन्याच्या शेजारी घालून पाहिला तेव्हा १२०० अंशांना जुना ९ अंश कमी दाखवत होता. या थर्मोकपलचे टोक वारंवारच्या उच्च तापमानाने ऑक्सिडीकरण होऊन झिजते आणि बहुधा कमी वाचू लागते, परिणामी कंट्रोलर भट्टीला गरजेपेक्षा वर ढकलतो. तो बदलल्यावर मधल्या शेल्फवर कोन ५ लोळलेला, ६ चे टोक नेमके टेकलेले आणि ७ ताठ उभा, असे चित्र मिळाले. लाइन, कॉइल, थर्मोकपल आणि मजुरी मिळून ३४ हजार रुपये लागले. विजेचाही फरक पडला: मेमधल्या भाजणीला ४६ युनिट लागत होते, आता ३८ लागतात.

धारावीच्या कुंभारवाड्यात कापसाच्या चिंध्या आणि गाठोडी जाळून मडकी-पणत्या भाजतात, त्या भट्ट्यांवर ना पडदा असतो ना आकडा. ज्वाळेचा रंग, धूर आणि किती वेळ झाला यावर नजर असते. त्यांची माती आणि आच वेगळी, माझी वेगळी, म्हणून तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. पण वेळेचा रकाना ते डोक्यात ठेवतात आणि मी तो वहीत लिहून विसरले होते, हे मला टोचले.

बिघडलेल्या तीन शेल्फवरची काच घासून काढायला दोन दिवस गेले. हे काम शेल्फ ओले ठेवून, एन-९५ मास्क आणि चष्मा लावूनच करावे, कारण उडणाऱ्या कपच्या काचेच्या असतात आणि धुळीत सिलिका असते. नंतर अल्युमिना हायड्रेट आणि चिनी माती समभाग कालवून शेल्फवर नवा लेप दिला. आता प्रत्येक भाजणीत मधल्या शेल्फवर तीन कोन असतात, भाजणीला किती तास लागले तो आकडा वहीत लाल पेनाने लिहिला जातो आणि दर वीस भाजण्यांनी रोध व आयसोलेटरचे स्क्रू तपासले जातात. ७२ कपांची ऑर्डर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पोचली, साडेपाच आठवडे उशिरा. खालच्या शेल्फवर अजूनही अर्ध्या कोनाइतकी आच कमी पडते. त्याचे कारण दाराखालच्या विटेतली भेग असावी असे वाटते. ती भरेपर्यंत निळे कप वरच्या दोन शेल्फवर आणि थोडी कमी आच सोसणारे पांढरे वाडगे खाली, अशी मांडणी ठेवली आहे.